जाऊन येते

घरातून बाहेर पडताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जातो’ निघालं तर आजी दारातच टोकते. जपानी घराच्या उंबऱ्यावरही हाच शिरस्ता आहे. निघणारा म्हणतो ‘इत्ते किमासु’, म्हणजे शब्दशः ‘जाऊन येतो’. आतला माणूस म्हणतो ‘इत्ते राश्शाइ’, ‘जाऊन ये’. परतल्यावर ‘तादाइमा’, म्हणजे ‘आलो बरं का’, आणि स्वयंपाकघरातून ‘ओकाएरी’, ‘आलास!’. परदेशी विद्यार्थ्याला यजमान कुटुंबात पहिल्या दिवशी जे चार शब्द शिकवले जातात, ते हे. अमेरिकन मुलांना त्यांमागची कल्पना समजावून सांगावी लागते. गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्याच्या मुलीला फक्त शब्द पाठ करावे लागतील. कल्पना तिच्या आजीने आधीच दिलेली आहे.

जपानी कुटुंबात राहून शिकण्याच्या विषयाची ही प्रस्तावना दवनीवाड्यावरून सुरू करण्याला कारण आहे. मराठीत जपान येतो तो बहुतेक पुण्यामार्गे. रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठातले जपानीचे वर्ग, वर्षातून दोनदा होणारी भाषापरीक्षा, सिंहगड रस्त्यावरचं जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं उद्यान आणि त्याला दिलेलं ‘पूर्वरंग’कार पु. ल. देशपांडे यांचं नाव, हे सगळं पुण्यातलं. पुण्याने हे काम मन लावून केलं, त्याबद्दल वाद नाही. पण यजमान कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर पुण्याच्या मुलापेक्षा झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, मुलीकडे बोलण्यासारखं जास्त असेल. का, ते पुढे धानाच्या ओघात येईलच.

आधी व्यवस्था. परक्या देशातल्या कुटुंबात राहून ते कुटुंब शिकायचं, हा प्रकार संघटितपणे सुरू केला तो १९३२ मध्ये अमेरिकेतल्या डोनाल्ड वॉट यांच्या ‘एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ने. पहिल्या महायुद्धात जखमींच्या गाड्या हाकणाऱ्या स्वयंसेवकांची ‘एएफएस’ ही संघटना १९४७ पासून शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीत उतरली. रोटरीचा युवा विनिमय कार्यक्रम तर विदर्भातल्या रोटेरियनांच्या ओळखीचा. त्यात वर्षभरासाठी गेलेल्या मुलाला बहुधा एकाहून अधिक कुटुंबांत पाळीपाळीने ठेवतात. जपान सरकारच्या खर्चाने २०१८ मध्ये ‘आशिया काकेहाशी’ प्रकल्प निघाला. काकेहाशी म्हणजे सांकव. पाच वर्षांत आशियातली सुमारे एक हजार मुलं जपानी शाळांत आणायची, त्यांना कुटुंबांत किंवा वसतिगृहांत ठेवायचं, अशी ती योजना होती. त्यात भारतही होता. २०२० च्या साथीने मधेच तिची घडी विस्कटली. याशिवाय ‘जेनेसिस’सारखे आठ-दहा दिवसांचे दौरे असतात. त्यात एक-दोन रात्री कुटुंबात काढायच्या असतात आणि फोटो भरपूर निघतात. त्याला कुटुंबात राहणं म्हणणं म्हणजे लग्नाच्या पंगतीला जेवून त्या घराचा स्वयंपाक कळला म्हणण्यासारखं आहे.

रोटरी किंवा एएफएसच्या वर्षभराच्या कार्यक्रमात यजमान कुटुंबाला भाडं मिळत नाही. मुलगी घरात घेतात ती हौसेने, कधी आपल्या मुलांना जग दिसावं म्हणून, कधी मुलं शिकायला बाहेर गेल्याने घर रिकामं झालं म्हणून. पैसे घेत नाहीत, म्हणून पाहुणचारही करत नाहीत. मराठी मुलाला गोंधळात टाकते ती नेमकी ही गोष्ट.

मराठी घरात पाहुणा ताटावर बसतो आणि उठतो. त्याने ताट उचललं तर यजमानीणबाईंचा अपमान होतो. जपानी यजमान आईची अपेक्षा उलटी असते: जेवण झालं की वाडगा विसळून ठेवावा, संध्याकाळी उशीर होणार असेल तर कळवावं, आपला रुमाल आपण वाळत घालावा. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. नवव्या दिवशी मुलगी तशीच पाहुण्यासारखी बसून राहिली की घरातली हवा बदलते, आणि कोणी काही बोलत नाही. या विषयावर जे काही लिहिलं-वाचलं जातं, त्यातला अर्धा भाग खरं तर या न बोललेल्या नवव्या दिवसाबद्दल असतो.

पाहुणपण टाकून दुसऱ्याच्या घरात राहणं आपल्याला अगदीच अनोळखी आहे, असंही नाही. एकेकाळी पुण्या-साताऱ्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. कोणत्या घरी ताक वाढतात, कोणत्या घरी आधी आडावरून पाणी भरावं लागतं, याचा अभ्यास त्यांना शाळेच्या अभ्यासाइतकाच करावा लागे. ती सोय बहुतांशी एकाच जातीच्या मुलांना होती, हेही सांगितलं पाहिजे. झाडीपट्टीतली मुलं मामाकडे, आत्याकडे राहून गोंदियाला किंवा नागपूरला शिकली. आत्याच्या घरी राहणारा भाचा सकाळी कोणी न सांगता दूध आणायला जातो, कारण आपण इथे पाहुणे नाही आणि मालकही नाही, हे त्याला ठाऊक असतं. जपानी घरात जाणाऱ्या मुलीला इतका एकच सल्ला द्यायचा झाला तर तो हा: आत्याकडे राहतेस तशी राहा.

जपानी घराने भारतीय माणसाला सांभाळल्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण मात्र विद्यार्थ्याचं नाही, फरारी क्रांतिकारकाचं आहे. रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला पोचले. ब्रिटिशांच्या दडपणाखाली जपान सरकारने त्या वर्षअखेरीस त्यांना देश सोडायचा हुकूम दिला, तेव्हा तोक्योच्या शिंजुकू भागात नाकामुराया नावाची बेकरी चालवणारे आइझो सोमा आणि त्यांची पत्नी कोक्को यांनी त्यांना दुकानामागच्या घरात लपवलं. भाषा येत नाही, बाहेर पडता येत नाही, पोलीस मागावर. पुढे १९१८ मध्ये सोमांची मुलगी तोशिको हिच्याशी त्यांचं लग्न झालं. ती १९२५ मध्ये वारली. सासऱ्यांच्या दुकानात १९२७ साली उपाहारगृह निघालं आणि त्यात रासबिहारींच्या आग्रहाने खरी भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. नाकामुराया आजही ती विकते. यजमान घराच्या स्वयंपाकघरात पाहुण्याने इतकी खोल खूण ठेवल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

उलट्या दिशेचा प्रवास तर विदर्भाच्या अंगणातच झाला. निचिदात्सु फुजिई हे जपानी भिक्खू १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांच्या परंपरेतला एक भिक्खू पुढे सेवाग्रामात राहिला. हातातला डफासारखा ढोल वाजवत तो ‘नम्यो हो रेंगे क्यो’ म्हणे, आणि तो घोष आश्रमाच्या प्रार्थनेत कायमचा आला. जपान दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर पोलीस त्याला आश्रमातून घेऊन गेले. नागपूरचं नाव तर भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांच्याशी कायमचं जोडलेलं. ओकायामा प्रांतात जन्मलेले ससाई १९६६ मध्ये भारतात आले, इंदोऱ्याच्या बुद्धविहारात राहिले, मराठी-हिंदी बोलू लागले आणि भारताचे नागरिक झाले. वस्तीतल्या बायाबापड्यांनी या जपानी माणसाला भाजी-भाकरी खाऊ घातली, तेव्हा त्या प्रकाराला होमस्टे म्हणतात हे कोणाला माहीत नव्हतं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर नोरिको ओगावा या जपानी बाईंच्या देणगीतून उभं राहिलं. गोंदियाहून नागपूरला जाणाऱ्या गाडीत बसलं की कामठी वाटेतच लागते.

आता धान.

इंग्रजीत शेतातही ‘राइस’, पोत्यातही ‘राइस’ आणि ताटातही ‘राइस’. पुण्याकडे उभ्या पिकालाही भात म्हणतात आणि शिजलेल्यालाही. झाडीपट्टीत असा घोळ चालत नाही. बांधीत, म्हणजे खाचरात, असतं ते धान, गिरणीतून निघतो तो तांदूळ, ताटात पडतो तो भात. जपानीत बांधीतलं रोप ‘इने’, टरफलासकटचा दाणा ‘मोमी’, सडलेला ‘कोमे’ आणि शिजलेला ‘गोहान’. गोहानचा दुसरा अर्थ जेवण. सकाळचं जेवण आसागोहान, दुपारचं हिरुगोहान, रात्रीचं बानगोहान. ताटात पाव असला तरी नाव भाताचंच. पऱ्हे टाकणं, चिखलणी, रोवणी, कडपा वाळवणं, पुंजणे रचणं हे ज्या मुलीने लहानपणापासून पाहिलं आहे, तिला जपानच्या खेड्यात जून महिन्यात गुडघाभर चिखलात वाकून एका ओळीत रोपं लावणारी शाळकरी मुलं दिसली तर ती आधी हसेल, मग ओळ कुठे चुकली ते दाखवेल. तिकडे बहुतेक रोवणी यंत्राने होते. हाताची रोवणी मुलांना धडा म्हणून शिकवतात. दवनीवाड्याच्या मुलीच्या हाताचा वेग पाहून यजमान बाबा थक्क होतील, आणि बहुधा त्या दिवसापासून घरात तिचा मान वाढेल.

भाताची चव मात्र वेगळी. तिकडचा दाणा आखूड, गोल आणि चिकट, काड्यांनी उचलता यावा असा. मोकळा, सुटा भात हे आपल्याकडे सुगरणीचं लक्षण, तिकडे तो बिघडलेला भात. जपानचा लाडका वाण कोशिहिकारी, संशोधन केंद्रांच्या कामातून १९५६ मध्ये पुढे आलेला. आपल्याकडचा एचएमटी शोधला चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. शिक्षण जेमतेम, जमीन थोडी, आणि वाणाचं नाव त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून. ही गोष्ट जपानी टेबलावर सांगण्यासारखी आहे, ताजमहालाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त. २०२५ च्या वसंतात जपानमध्ये तांदळाचा भाव वर्षभरात दुपटीच्या घरात गेला. पाच किलोच्या पिशवीला चार हजार येनहून अधिक मोजावे लागत होते. अशात तिथले कृषिमंत्री ताकु एतो बोलून गेले की आपल्याला तांदूळ कधी विकत घ्यावा लागत नाही, समर्थक आणून देतात. त्यांना राजीनामा द्यावा लागला. धानाच्या सरकारी बोनसवर निवडणुकीची भाषणं ऐकत मोठी झालेली गोंदियाची मुलगी या बातमीवर यजमान आईबरोबर तासभर बोलू शकेल, शब्द थोडे असले तरी.

तसाच विषय पाखरांचा. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांकाठी, तेही मोजकेच. जपानमध्ये कागदाचा क्रौंच, म्हणजे सारसाचाच भाऊबंद, घडवता येत नाही असं मूल सापडणार नाही. ह्योगो प्रांतातल्या तोयोओकात धानाच्या शेतात वावरणारे पांढरे करकोचे १९७१ मध्ये संपले होते. शेतकऱ्यांनी औषधफवारणी कमी केली, पैदास केंद्रातली पाखरं २००५ मध्ये मोकळी सोडली, आणि आता त्या शेतातला तांदूळ करकोच्याच्या नावाने चढ्या भावाने विकला जातो. हे जाऊन पाहून यावं असं प्रकरण आहे.

भाषेची भीती जितकी वाटते तितकी खरी नाही. क्रियापद शेवटी, विभक्ती नामानंतर, आणि मोठ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूप बदलायचं, हे सगळं मराठीसारखंच. प्रश्नाच्या शेवटी जपानी माणूस ‘का’ लावतो. ‘ताबेमाशिता का?’ म्हणजे ‘जेवलात का?’. योगायोगच, पण सोयीचा. घरी पोवारी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि फळ्यावर इंग्रजी असं जगलेल्या मुलीला पाचवी भाषा म्हणजे आभाळ कोसळणं नव्हे. खड्डे दुसरीकडे आहेत. ‘ओबासान’ म्हणजे काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. स्वर जरा लांबला की चाळिशीची बाई सत्तरीची होते. ही चूक प्रत्येकाकडून एकदा होते.

लिपीचं संकट मात्र खरं आहे. वृत्तपत्र वाचायला दोन हजारांहून जास्त कांजी, म्हणजे चित्राक्षरं, लागतात, आणि त्यावर कोणतीही युक्ती नाही.

त्याहून अवघड आहे आभार मानणं. मराठी घरात आईला कोणी ‘धन्यवाद’ म्हणत नाही. म्हटलं तर ती विचारेल, काय पाहिजे रे तुला? जपानी घरात मीठ पुढे सरकवलं तरी ‘आरिगातो’. जेवणाआधी हात जोडून ‘इतादाकिमासु’, जेवणानंतर ‘गोचिसोसामा’, आणि हे दुसरं यजमान आईकडे पाहून. आपली मुलं मनातून कृतज्ञ असूनही गप्प बसतात, आणि समोरच्याला ती उद्धट वाटतात. नकाराच्या बाबतीत मात्र मराठी माणूस तयारीनेच जातो. जपानी माणूस ‘नाही’ म्हणत नाही. मान वाकडी करून, श्वास आत ओढून ‘चोत्तो...’ म्हणतो आणि वाक्य सोडून देतो. आपल्या ‘बघू’चा हा सख्खा भाऊ.

न्हाणीघर हे स्वतंत्र प्रकरण आहे. टबातलं गरम पाणी सगळ्या घराचं एकच. आधी बाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं, मग नुसतं पाण्यात बसायचं, आणि निघताना बूच उपसायचं नाही. नळाखाली बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्या मुलीला पहिला भाग आपोआप जमतो. पाणी सोडून देण्याचा हात मात्र आवरावा लागतो. चपला दारात काढणं आपल्याला नवीन नाही, पण संडासाच्या चपला वेगळ्या आणि त्या घालून बैठकीत आलं की सगळं घर स्तब्ध होतं. कचऱ्याचे वारही ठरलेले: जळणारा अमुक दिवशी, बाटल्या तमुक दिवशी. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचू नयेत, कारण मृतासाठी ठेवलेल्या भातात त्या तशा असतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. पिंडाचा भात आणि ताटातला भात यांतला फरक ज्याला कळतो, त्याला याचं स्पष्टीकरण लागत नाही.

शाकाहारी मुलांनी आधीच डोळे उघडे ठेवावेत. प्रश्न मटणाचा नसून रश्शाचा असतो. मिसोच्या सुपापासून भाजीपर्यंत सगळीकडे सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क, ‘दाशी’, असतो, आणि जपानी आईच्या लेखी तो मासा मोजलाच जात नाही. बाजारातल्या तयार करीच्या वड्यांत अनेकदा गाईची किंवा डुकराची चरबी असते. अर्जात ‘शाकाहारी’ एवढा एक शब्द लिहून भागत नाही; काय चालतं आणि काय चालत नाही याची यादी लिहावी. तलावातले मासे खात वाढलेल्या मुलांना मात्र जपान माहेरासारखा वाटेल.

शाळेबद्दल मराठी मुलांना थोडी कल्पना आधीच असते, ती तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’मुळे. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या मराठी अनुवादाने ती गावोगाव पोचली. आजची जपानी उच्च माध्यमिक शाळा तोत्तोचानच्या आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेसारखी मजेची नाही. गणवेश, वर्ग मुलांनीच झाडणं-पुसणं, संध्याकाळी सहा-सातपर्यंत क्लबचा सराव, आणि पहाटे उठून यजमान आईने भरलेला डबा. वर्गात ‘भारतीय’ म्हटलं की सगळे १९ पर्यंतच्या पाढ्यांबद्दल विचारतात, कारण मध्यंतरी तिकडे भारतीय पाढ्यांचं खूळ होतं. जुन्या मास्तरांच्या हाताखालून गेलेल्या मुलीने १९ गुणिले १९ म्हणजे ३६१ हे क्षणात सांगावं आणि पुढचं वर्षभर तिचं नाव चालावं. दवनीवाड्यात आडनाव सांगताच समोरच्याच्या डोक्यात जातीचा हिशेब मांडला जातो. तिथे ती नुसती भारतीय असते. काही मुलांना यात मोकळं वाटतं, काहींना ओळख हरवल्यासारखं.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकून ठेवू नयेत. दहावी-बारावीच्या शर्यतीतलं एक वर्ष बाजूला काढायचं, हे ‘नीट’ परीक्षेच्या शिकवणीची फी भरून बसलेल्या बापाला पटवणं सोपं नाही. काही कुटुंबांना घरात इंग्रजी बोलणारं मूल हवं असतं, त्यांची निराशा होते. काही घरं खरोखरच जुळत नाहीत. तेव्हा गुपचूप सोसण्यापेक्षा संयोजकाला सांगून घर बदलून घ्यावं. कार्यक्रमांत ती सोय असते, आणि ती वापरण्यात कोणाचा अपमान नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यात पन्नास हजार कुशल भारतीय जपानला जायचे आहेत. बहुतेक जण कंपनीच्या खोल्यांत किंवा तोक्योच्या निशि-कासाईसारख्या वस्तीत राहतील, जिथे पोहे मिळतात आणि गणपतीही बसतो. त्या वस्तीच्या इदोगावा विभागातून २०१९ मध्ये स्थानिक परिषदेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक पहिल्यांदा जपानला गेले ते १९९७ मध्ये, विद्यार्थी म्हणून. पुढे ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. जपानी माणसाने मत द्यावं, मूल हाती सोपवावं, इतकी जवळीक नोकरीच्या व्हिसावर आपोआप येत नाही. ती लहान वयात, कोणाच्या तरी घरात वाडगे विसळताना सुरू झाली तर बरं.

निघण्याआधीची एक गोष्ट पालकांसाठी. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. दवनीवाड्यात रात्रीचे आठ वाजतात, जेवणं उरकून फोनची आठवण होते, तेव्हा तिकडे साडेअकरा झालेले असतात आणि सकाळच्या डब्यासाठी उठणारी यजमान आई झोपलेली असते. फोन संध्याकाळी पाचच्या आत करावा, आठवड्यातून एकदा पुरे, आणि शेवटी दोन मिनिटं त्या आईशीही बोलावं. भाषा येत नसली तरी.